तेल थिजवण्याची तीन उत्तरे : मुठेल, डालडा आणि मेण

१/
रत्नागिरी तालुक्यातील मालगुंड हे समुद्रकाठचे गाव मराठी वाचकाला ठाऊक आहे ते केशवसुतांचे जन्मगाव म्हणून. गणपतिपुळ्याला आलेला प्रवासी तेथील स्मारक पाहतो आणि परततो. परतताना वाटेवरच्या दुकानातून आमसुले घेतो, कोकम सरबताची बाटली घेतो. अशा दुकानांतून कधी कधी फळीच्या कोपऱ्यात फिकट पांढऱ्या, अंड्याएवढ्या, बोटांचे ठसे उमटलेल्या वड्या ठेवलेल्या असतात. साबण म्हणावा तर सुगंध नाही, मेण म्हणावे तर चिकटपणा नाही. ते तेल असते. रातांब्याच्या बियांतून काढलेले आणि कोकणच्या उन्हाळ्यातही न वितळणारे.

२/
या तेलाला कोकणात भिरंडेल म्हणतात, कोकमतेल म्हणतात आणि मुठीत दाबून गोळे केलेले म्हणून मुठेलही म्हणतात. पातळ तेल घट्ट कसे करावे, या साध्या प्रश्नाला आजवर तीन उत्तरे मिळाली आहेत. एक झाडाने दिले, दुसरे कारखान्याने दिले. तिसरे आज जगभरच्या प्रयोगशाळांत शोधले जात आहे आणि ते मेणात आहे. दुसऱ्या उत्तराची किंमत माणसांच्या हृदयांनी चुकवली. पहिले आणि तिसरे मराठी घरांत आधीपासून होते. त्यांना ज्ञान म्हणून फारसे कोणी मोजले नाही. हा धागा या तिन्ही उत्तरांचा आहे.

३/
मराठीत या क्रियेसाठी स्वतंत्र क्रियापद आहे. पाणी गोठते, दूध विरजते, पाक आळतो, तेल-तूप थिजते. डिसेंबरच्या पहाटे खोबरेलाची बाटली थिजलेली असते आणि कोवळ्या उन्हात ठेवली की पुन्हा वाहू लागते. तिळाचे किंवा करडईचे तेल मात्र आपल्याकडच्या थंडीतही पातळच राहते. तेलांच्या या दोन स्वभावांमागे त्यांच्या रेणूंची घडण आहे. ती एकदा ध्यानात आली की पुढचा सारा इतिहास समजायला सोपा जातो.

४/
तेलाचा किंवा तुपाचा रेणू म्हणजे एका टोकाला बांधलेल्या तीन लांब साखळ्या. काही साखळ्या माडाच्या हिरांसारख्या सरळ असतात, काही कोयत्यासारख्या मध्येच वाकलेल्या. हिरांची जुडी घट्ट बसते. कोयत्यांची मोळी कितीही आवळली तरी सैल राहते. ज्या स्निग्ध पदार्थात सरळ साखळ्या अधिक, तो थिजतो. ज्यात वाकड्या अधिक, तो पातळ राहतो. रसायनशास्त्र पहिल्या प्रकाराला संपृक्त म्हणते, दुसऱ्याला असंपृक्त.

५/
पण तेल थिजायला हवेच कशाला? उत्तर दिवाळीच्या फराळात आहे. साट्याच्या करंज्या करताना तूप फेसून त्यात तांदळाची पिठी कालवतात आणि तो साटा पोळ्यांच्या थरांमध्ये पसरतात. घट्ट साटा दोन थरांना वेगळे ठेवतो, तळताना वितळतो आणि पापुद्रे सुटतात. तेथे पातळ तेल वापरले तर ते पिठात मुरते आणि थर एकमेकांना चिकटतात. खारी, नानकटाई, बिस्किटे यांचेही गणित हेच. शिवाय घट्ट स्निग्ध पदार्थ प्रवासात सांडत नाही आणि दिसायला तुपासारखा दिसतो. या शेवटच्या गुणाने पुढे मोठा वाद निर्माण केला.

६/
पहिले उत्तर झाडाचे. कोकमाची लेखी नोंद सोळाव्या शतकात सापडते. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याचा भारतीय औषधींवरचा संवादग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात ‘भिरंड’ हे नाव पोर्तुगीज वळण घेऊन आले आहे. फळाचा आंबटपणा आणि त्याच्या सालीपासून होणारा सिरका यांची दखल ओर्ताने घेतली. परदेशी निरीक्षकाचे लक्ष आधी सालीकडे गेले. व्यापाराची वस्तू सालच होती. बी घरात राहिली.

७/
या झाडाचे शास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका. ओर्ताच्या ‘गार्सिया’शी त्याचे साम्य दिसते, परंतु तो योगायोग आहे, हे नाव अठराव्या शतकातील वनस्पतिशास्त्रज्ञ लोराँ गार्सँ याच्यावरून पडले. बियांच्या तेलाला युरोपीय औषधिग्रंथांत स्थान मिळायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. फ्ल्यूकिगर आणि हॅनबरी यांच्या १८७४ च्या ‘फार्माकोग्राफिया’त कोकमतेलाला जागा मिळाली. मुंबईत राहून काम करणाऱ्या विल्यम डायमॉक यांनी वॉर्डन आणि हूपर यांच्यासह १८९० ते १८९३ या काळात ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ प्रसिद्ध केला.

८/
तेल काढण्याची कृती अशी. आमसुलांसाठी साली वेगळ्या केल्या की बिया धुऊन उन्हात वाळवायच्या. टरफल फोडून आतला गर पाट्यावर किंवा उखळात बारीक करायचा. मग पाण्यात घालून उकळायचा आणि निववायचा. निवताना तेल वर येते, तरंगते आणि हळूहळू थिजते. ते हाताने गोळा करून मुठीत दाबायचे, की झाला मुठेलाचा गोळा. दुसरी रीत ताक घुसळण्यासारखी : वाटलेला गर पाण्यात रात्रभर ठेवायचा, सकाळी घुसळायचा आणि लोण्यासारखा वर आलेला गोळा काढून घ्यायचा.

९/
बीच्या वजनाच्या साधारण पाव हिस्सा तेल निघते. कष्टाच्या मानाने ते थोडे. तरीही ते काढले जाई, कारण बी एरवी फुकटच जाणार होती आणि तूप सगळ्यांना परवडत नव्हते. मुठेल जेवणात वापरले जाई. त्याहून अधिक ते भेगाळलेल्या टाचांना, थंडीत फुटलेल्या ओठांना, चिखलाने कुजलेल्या पायांना लावले जाई. हे काम बहुतेक बायकांचे, परसात, घरचे सारे आवरल्यावर करायचे. त्याची पेढी नव्हती, वही नव्हती. म्हणून अर्थव्यवस्थेच्या इतिहासात त्याची नोंदही तुटपुंजी आहे.

१०/
मुठेल इतके घट्ट का? कोकमतेलाच्या बहुसंख्य रेणूंत दोन बाजूंच्या साखळ्या सरळ, स्टिअरिक आम्लाच्या असतात आणि मधली एक वाकडी, ओलेइक आम्लाची असते. या एकसारख्या घडणीमुळे रेणू शिस्तीत रचले जातात आणि ते तेल साधारण ३८ ते ४२ अंश सेल्सियसला वितळते. म्हणजे कोकणातल्या मे महिन्यात फळीवर ते टिकून राहते आणि त्वचेवर चोळले की मऊ होते. चॉकलेटचा जीव असलेल्या कोको बटरची घडण याच जातीची आहे. हे नाते पुढे महत्त्वाचे ठरले.

११/
मग कोकमतेलाने देशाची गरज का भागली नाही? कारण झाड कारखान्याच्या वेगाने चालत नाही. कोकम हे जंगलातले, परसातले झाड. त्यात नर आणि मादी झाडे वेगळी असतात. बीपासून लावलेले रोप फळ देणारे निघेल की नाही, हे फुलोरा येईपर्यंत म्हणजे सात-आठ वर्षे कळत नाही. फळ पिकते ते पावसाच्या तोंडावर. उशीर झाला की साली आणि बिया दोन्ही भिजतात. एवढ्या अनिश्चिततेवर घराचा डबा भरतो, शहराची बाजारपेठ भरत नाही.

१२/
दुसरे उत्तर युरोपातून आले. फ्रान्समधील रसायनशास्त्रज्ञ पॉल साबातिये याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखवून दिले की निकेल धातूच्या सान्निध्यात असंपृक्त पदार्थांना हायड्रोजन जोडता येतो. या कामासाठी त्याला १९१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मान याने हेच तंत्र पातळ तेलांवर वापरून १९०२ मध्ये पेटंट घेतले. वाकड्या साखळ्या हायड्रोजनने सरळ करता येऊ लागल्या. १९११ मध्ये अमेरिकेत सरकीच्या तेलापासून केलेले ‘क्रिस्को’ बाजारात आले. कोयत्याचा हीर करण्याची विद्या माणसाच्या हाती आली होती.

१३/
भारतात हा पदार्थ आधी आयात होऊन आला. मग युनिलिव्हरने १९३१ मध्ये हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन केली आणि १९३२ मध्ये मुंबईत शिवडी येथे उत्पादन सुरू झाले. १९३७ मध्ये ‘डालडा’ ही मुद्रा बाजारात आली. आयातदार दादा यांच्या नावात लिव्हरचे ‘ल’ मिसळून हे नाव झाले, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. पिवळ्या डब्यावरचे हिरवे झाड हळूहळू घराघरांत पोहोचले. पुढे कोणत्याही कंपनीचे वनस्पती मागताना गिऱ्हाईक ‘डालडा’च म्हणू लागले.

१४/
डालड्याचे यश केवळ जाहिरातीचे नव्हते. सणावारी पक्वान्न व्हावे, ते खुसखुशीत व्हावे आणि पाहुण्यासमोर कमीपणा येऊ नये, ही मध्यमवर्गाची आणि गिरणगावातल्या कुटुंबांचीही साधी इच्छा होती. साजूक तुपाने ती भागवणे बहुतेकांना शक्य नव्हते. वनस्पती स्वस्त होते, टिकाऊ होते, रवाळ होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या उद्योगाला आणखी बळ मिळाले. रिकामे झालेले डबेसुद्धा कामी आले : त्यांत कुणी डाळ-तांदूळ भरले, कुणी तुळस लावली.

१५/
वाद पेटला तो फसवणुकीवरून. रंगहीन, रवाळ वनस्पती तुपात मिसळले तर डोळ्यांना ओळखता येत नसे. गवळ्याचा आणि शेतकऱ्याचा तुपाचा धंदा त्याने बुडतो, असा आरोप झाला. गांधीजींनी १९४६ मध्ये ‘हरिजन’मधून वनस्पतीविरुद्ध लिहिले. स्वातंत्र्यानंतर पंडित ठाकुरदास भार्गव यांनी वनस्पतीच्या उत्पादनावर बंदी घालणारे विधेयक संसदेत मांडले. ते संमत झाले नाही. सरकारला एकीकडे तुपाची शुद्धता राखायची होती आणि दुसरीकडे स्वस्त स्निग्ध पदार्थ लोकांपर्यंत पोहोचवायचा होता.

१६/
एक तोडगा सुचला : वनस्पतीला रंग द्यावा, म्हणजे भेसळ उघडी पडेल. पण खाण्यास निर्धोक, न उडणारा आणि काढून टाकता न येणारा रंग सापडेना. अखेर रंगाऐवजी तिळाचे तेल मदतीला आले. वनस्पतीत किमान ५ टक्के तिळाचे तेल घालणे बंधनकारक झाले. तिळाच्या तेलातील एका घटकामुळे हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युराल यांच्या संगतीत लाल-गुलाबी रंग येतो. हीच बोदुआँ चाचणी. संशयित तुपात तो रंग उमटला की भेसळ पकडली जाई. डोळ्यांना न दिसणारी ती खूण होती.

१७/
या साऱ्या वादात प्रश्न एकच विचारला जात होता : हे खरे तूप आहे की खोटे? आरोग्याचा मुद्दा निघालाही. सरकारी संस्थांत उंदरांवर प्रयोग झाले, मतभेद झाले. शरीराच्या तापमानाच्या आसपास वितळणारे वनस्पती अपायकारक नाही, असा अधिकृत कौल अखेरीस मिळाला. तो कौल देणाऱ्यांच्या हाती तेव्हाची साधने होती आणि त्या साधनांनी जे दिसले ते त्यांनी सांगितले. खरा दोष रेणूच्या आत दडलेला होता. तिळाच्या तेलाची लाल खूण त्याच्याविषयी काही बोलत नव्हती.

१८/
तो दोष असा. तेल पूर्ण संपृक्त केले तर ते दगडासारखे घट्ट होते. म्हणून कारखाने हायड्रोजन अर्धामुर्धा जोडून थांबत. या अर्धवट अवस्थेत काही साखळ्यांना हायड्रोजन जोडला जात नाही, पण निकेलच्या पृष्ठभागावर त्यांची वळण्याची दिशा बदलते. कोयता हीर होत नाही. तो नुसता उलटा पिळला जाऊन सरळ दिसू लागतो. यालाच ट्रान्स मेद म्हणतात. गाई-म्हशीच्या दुधातही तो अल्प प्रमाणात असतो. वनस्पतीत मात्र तो मोठ्या प्रमाणात होता आणि वनस्पतीचा घट्टपणा बऱ्याच अंशी त्याच्यावरच उभा होता.

१९/
१९९० मध्ये नेदरलँड्सच्या मेन्सिंक आणि काटान यांनी माणसांवरील अभ्यासातून दाखवले की ट्रान्स मेदाने रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढते आणि उपकारक कोलेस्टेरॉल घटते. २००३ मध्ये डेन्मार्कने त्यावर कायद्याने मर्यादा घातली. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो अन्नातून हद्दपार करण्याची हाक दिली. तेव्हाच्या तिच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ५ लाखांपर्यंत हृदयविकाराचे मृत्यू त्याच्याशी निगडित होते. भारतात तेल-मेदांतील मर्यादा जानेवारी २०२१ पासून ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के झाली. शिवडीतील प्रारंभापासून हे अंतर नव्वद वर्षांचे आहे.

२०/
अर्धवट हायड्रोजन जोडण्याचा मार्ग बंद झाला, तरी खारी आणि बिस्किटांची गरज संपली नाही. उद्योग पामतेलाकडे वळला, कारण पामतेलाचा घट्ट अंश हायड्रोजनशिवायही थिजतो. भारत आज जगातला सर्वांत मोठा पामतेल आयातदार आहे. पण पामच्या लागवडीसाठी इंडोनेशिया-मलेशियातील जंगले तुटली आणि पामतेलातील संपृक्त मेदाचा प्रश्नही उरलाच. म्हणून जुना प्रश्न पुन्हा विचारला गेला : तेलाच्या रेणूला हात न लावता ते थिजवता येईल का? तिसरे उत्तर येथून सुरू होते.

२१/
हे उत्तर पूर्वी मराठी स्त्रियांच्या करंड्यात असे. टिकली येण्याआधी कुंकू कोरडे असे आणि ते कपाळावर टिकावे म्हणून आधी मेणाचे बोट लावावे लागे. मधाच्या पोळ्याचे मेण नुसते वापरले तर कडक आणि ठिसूळ. म्हणून ते वितळवून त्यात थोडे खोबरेल कालवत आणि छोट्या डबीत ओतत. निवल्यावर ते ना तेल राही ना मेण : बोटाला सहज लागणारे, कपाळावरून न ओघळणारे. तेलाला मेणाने धरून ठेवावे, ही कल्पना त्या डबीत रोज उघडत आणि मिटत होती.

२२/
वैद्यांच्या घरी याच युक्तीला नाव होते. संस्कृतात मेणाला ‘सिक्थ’ म्हणतात, आणि एक भाग मेण व पाच-सहा भाग तिळाचे तेल यांच्या मिश्रणाला सिक्थतैल. मलमे करताना ते मूळ आधार म्हणून वापरले जाते. भूमध्य समुद्राच्या काठीही हेच घडले होते : दुसऱ्या शतकातील वैद्य गेलन याच्या नावावर मधमाश्यांचे मेण आणि ऑलिव्ह तेल यांचे एक लेपन सांगितले जाते आणि आजच्या कोल्ड क्रीमची वंशावळ तेथपर्यंत नेली जाते. दोन दूरच्या परंपरांना एकच गोष्ट सापडली होती, पण ती त्वचेपुरती राहिली. पोटापर्यंत गेली नाही.

२३/
मेण तेलाला धरते कसे? येथे एक भेद लक्षात घ्यावा. दिसायला मेणासारखे असले तरी मुठेल मेण नव्हे. ते मेदच आहे. मेणाच्या रेणूंत लांब साखळ्या वेगळ्या रीतीने जोडलेल्या असतात आणि ते सहसा अधिक तापमानाला वितळते. गरम तेलात मेण विरघळवून निवू दिले की त्याचे पापुद्र्यासारखे किंवा सुईसारखे सूक्ष्म स्फटिक बनतात. हे स्फटिक एकमेकांत अडकून जाळे विणतात आणि तेल त्या जाळ्यात मासळीसारखे अडकते. तेलाचा एकही रेणू बदलत नाही. करडईचे तेल करडईचेच राहते, फक्त वाहायचे थांबते.

२४/
खाद्यतेलांवर असे प्रयोग एकविसाव्या शतकात वाढले. मेक्सिकोच्या वाळवंटात कँडेलिला नावाचे झुडूप उगवते. त्याच्या खोडावरच्या मेणाने करडईचे तेल थिजवल्याचा अभ्यास २००७ मध्ये होर्हे तोरो-वाझकेस आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. ब्राझीलच्या ताडवर्गीय झाडाचे कार्नाउबा मेण, सूर्यफुलाचे मेण, मधमाश्यांचे मेण यांवरही काम झाले. २०१३ मध्ये बेल्जियममधील गेंट विद्यापीठात अशोक पटेल आणि सहकाऱ्यांनी लाखेचा उपयोग करून तेल घट्ट केले. लाख हे कीटकाचे स्रवण, आणि भारत तिचा पुरातन उत्पादक.

२५/
मराठी वाचकाला सर्वांत जवळचे मेण भाताच्या कोंड्यातले. कोंड्याच्या तेलात मुळातच मेण असते. ते राहिले तर तेल गढूळ दिसते आणि गिऱ्हाईक नाक मुरडते. म्हणून शुद्धीकरणात तेल थंड करून मेण गाळून काढतात. जे द्रव्य तेल स्वच्छ दिसावे म्हणून बाजूला काढले, तेच आता तेल थिजवण्यासाठी मोलाचे ठरत आहे. काही मेणांचे प्रमाण तेलाच्या काही टक्केच पुरते. कोकणात भात हे मुख्य पीक आणि कोंडा गोठ्यात जातो. रातांब्याची बी आणि भाताचा कोंडा, दोन्ही उरलेले पदार्थ. दोन्हींत थिजवणारे काहीतरी.

२६/
मेण हा सर्वगुणसंपन्न उपाय आहे, असे मात्र मानू नये. मधमाश्यांचे मेण साधारण ६२ ते ६५ अंशांना वितळते, कोंड्याचे त्याहूनही वर. तोंडातली ऊब त्याला पुरत नाही. प्रमाण थोडे वाढले की टाळ्यावर लेप बसतो. मराठीत त्यासाठी ‘मेणचट’ हा शब्द तयारच आहे. कढईत तापवले की जाळे विरघळते आणि पुन्हा पातळ तेल उरते, म्हणून तळणीत त्याचा लाभ नाही. साठवणीत तेल झिरपू शकते. साट्यासारख्या, बिस्किटासारख्या, पावाला लावायच्या पदार्थांत त्याची खरी कसोटी आहे आणि ती अजून चालू आहे.

२७/
दरम्यान मुठेलाचे काय झाले? युरोपीय संघाने २००० साली चॉकलेटमध्ये ५ टक्क्यांपर्यंत चालतील अशा कोको बटरखेरीज सहा वनस्पतिज मेदांची यादी केली. त्यांत कोकमतेल आहे. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील अभ्यासांत कोकमतेलाने चॉकलेट उष्णतेत अधिक टिकते असे दिसले. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातिस’ या जाती दिल्या. कलमांमुळे नर-मादीचा जुगार संपला. सिंधुदुर्ग व रत्नागिरी कोकमाला भौगोलिक मानांकनही मिळाले. परसातले तेल आता शहरातल्या सौंदर्यप्रसाधनांत ‘कोकम बटर’ या नावाने विकले जाते.

२८/
वनस्पतीच्या इतिहासातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. नव्वद वर्षे समाज ‘शुद्ध की भेसळ’ या प्रश्नावर भांडला, कारण ‘तूप’ या शब्दात प्रतिष्ठा होती. पदार्थ घट्ट कशामुळे झाला, हा प्रश्न मागे राहिला. मुठेल घट्ट आहे ते त्याच्या मूळ घडणीमुळे. कुंकवाचे मेण घट्ट होते ते स्फटिकांच्या जाळ्यामुळे. डालडा घट्ट होता तो बऱ्याच अंशी पिळलेल्या साखळ्यांमुळे. तिघांचा स्पर्श सारखा, कारणे निराळी. उद्या मेणाने थिजवलेले तेल डब्यातून बाजारात आले, तर डब्यावर कारणही वाचायला मिळावे, अशी मागणी करणे ग्राहकाच्या हिताचे आहे.

२९/
आणि एक प्रश्न उत्पन्नाचा. मुठेल ज्यांच्या हातांनी वळले, कुंकवाचे मेण ज्यांनी कालवले, त्यांची नावे कोणत्याही पेटंटवर नाहीत. नॉर्मानने १९०२ मध्ये घेतलेल्या कागदाला मालक होता. उखळापाशी बसलेल्या बाईच्या कृतीला नव्हता. आज रातांबे गोळा करणारी, बिया फोडणारी माणसे कोकणातच आहेत. बियांना भाव मिळतो तो कच्चा माल म्हणून. तेलाला, मग मलमाला, मग चॉकलेटला भाव चढत जातो तो गावाबाहेर. मालगुंड परिसरात दुकानाच्या फळीवर मुठेलाचा गोळा दिसला, तर तो घेताना त्यावरचे बोटांचे ठसे जरूर पाहावेत. या तेलाच्या इतिहासातली ती सर्वांत विश्वसनीय सही आहे.

(धागा समाप्त)